पावसाळी तापाचा रुग्ण: मेडिसिन वॉर्डात नव्याने आलेल्या डॉक्टरांनी आपला निर्णय कसा तपासावा

जुलै ते ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात जा, खाटा भरलेल्या असतात आणि केसपेपर एकसारखे दिसतात. ताप पाच दिवस, अंगदुखी, प्लेटलेट कमी. पहिल्या ओळीत प्रश्नचिन्ह काढून ‘डेंग्यू’ लिहिलेलं असतं आणि खाली ‘फीवर प्रोफाइल’ या नावाखाली लॅबमध्ये मिळते ती प्रत्येक तपासणी मागवलेली असते. संध्याकाळी रिपोर्ट येतात. जो पॉझिटिव्ह, तो आजार, असं ठरतं.

इंटर्नशिप संपवून नुकतेच एमडी मेडिसिनला लागलेले, किंवा ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झालेले जे असतील, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सांगायचं आहे ते एकच: रिपोर्ट येण्याआधी स्वतःचा अंदाज आकड्यात लिहून ठेवा, आणि तो अंदाज कशाने बदलेल हेही लिहा. रिपोर्ट पाहून ‘मला वाटलंच होतं’ असं कुणालाही म्हणता येतं. आधी लिहिलेलं असेल तरच आपला निर्णय बरोबर होता की नाही ते कळतं. १९१० च्या सुमारास बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिचर्ड कॅबट यांनी क्लिनिकोपॅथॉलॉजिकल चर्चा सुरू केल्या, त्यांचा गाभा हाच होता: पॅथॉलॉजिस्टचं उत्तर उघड होण्यापूर्वी डॉक्टरने सगळ्यांसमोर आपला तर्क मांडायचा.

एक रुग्ण समजा आणि त्याला धरूनच पुढे जाऊ. वय ३४, कुर्ल्याचा भाजीविक्रेता. ताप पाच दिवस, पोटऱ्या इतक्या दुखतात की उभं राहवत नाही, डोळे लाल. प्लेटलेट ६२,०००, पांढऱ्या पेशी १३,८००, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) १.९, बिलिरुबिन (काविळीची खूण) ३.४, एएलटी (यकृताच्या पेशींना झालेल्या इजेची खूण) ९०. बाहेरच्या लॅबमधून एनएस१ (डेंग्यूची सुरुवातीच्या दिवसांतली तपासणी) निगेटिव्ह आणि विडाल (टायफॉइडसाठीची रक्तचाचणी) १:१६० असा कागद घेऊन आलाय.

पहिली पायरी: दिवस नक्की करा

‘ताप किती दिवस?’ याचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं मिळतं, कारण कणकण हा ताप नाही असं लोक धरतात. त्यापेक्षा ‘शेवटचं कामावर कधी गेलात?’, ‘पहिली गोळी कधी घेतली?’ असं विचारा. तापाचा पहिला दिवस कॅलेंडरच्या तारखेसह लिहा. पावसाळी तापात बहुतेक तपासण्यांचा अर्थ दिवसावर अवलंबून असतो. डेंग्यूचं एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी, नंतर निगेटिव्ह आलं तरी फारसं काही सांगत नाही. डेंग्यूचं आयजीएम (संसर्गानंतर शरीरात तयार होणारं प्रतिपिंड) साधारण पाचव्या दिवसानंतर दिसू लागतं आणि दोन-तीन महिने रेंगाळू शकतं. म्हणजे सप्टेंबरमधलं पॉझिटिव्ह आयजीएम जुलैतल्या तापाचंही असू शकतं. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) आयजीएमही पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे येतं. मलेरियाच्या रॅपिड टेस्टमधलं एचआरपी-२ हे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे महिन्यापूर्वी फाल्सिपेरम (मलेरियाचा गंभीर प्रकार) होऊन गेलेल्याची टेस्ट आजही पॉझिटिव्ह येऊ शकते.

आपल्या रुग्णाचं एनएस१ पाचव्या दिवशी केलेलं आहे. त्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही.

दुसरी पायरी: विचारा आणि कपडे काढून तपासा

मुंबईत ‘पाण्यात गेला होता का?’ या प्रश्नाला अर्थ नाही, पावसाळ्यात सगळेच जातात. पाणी किती खोल होतं, किती वेळ, पायाला चीर किंवा जखम होती का, आणि ते ताप येण्याच्या किती दिवस आधी, हे विचारा. लेप्टोत संसर्गापासून ताप येईपर्यंत बहुधा ५ ते १४ दिवस जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली, ती याच हिशेबाने. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हाच प्रश्न वेगळा विचारावा लागतो: लावणीला किती दिवस होतात, अनवाणी का, गोठा कोण साफ करतं. रुग्ण गडचिरोलीहून आला असेल, तर फाल्सिपेरम मलेरिया यादीत वर सरकतो. विदर्भात गवत कापणारी, झुडपांत वावरणारी माणसं तापाने आली, की स्क्रब टायफस (झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) मनात हवाच.

स्क्रब टायफसची काळी खपली दुखत नाही, म्हणून रुग्ण ती सांगत नाही. काख, जांघ, स्तनांखालचा भाग, कमरेवर साडीची गाठ किंवा नाडा बसतो ती जागा, हे सगळं उजेडात पाहावं लागतं. स्त्री रुग्णासाठी सिस्टरना सोबत घ्या, पडदा ओढा, पण पाहा. याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत, तरीही सर्वात जास्त वेळा राहून जाणारी तपासणी हीच असते.

आपल्या भाजीविक्रेत्याला ताप येण्याच्या आठ दिवस आधी गुडघाभर पाण्यातून हातगाडी ढकलावी लागली होती आणि टाचेला भेगा आहेत. खपली नाही. पोटऱ्या दाबल्या की कळवळतो.

तिसरी पायरी: आकडे लिहा

इथे नवीन डॉक्टर बिचकतात. ‘शक्यता’, ‘बहुतेक’, ‘रूल आऊट करावं’ हे शब्द सोपे असतात, कारण ते कधीच चुकत नाहीत. त्याऐवजी असे १०० रुग्ण आले तर किती जणांना काय निघेल, असं स्वतःला विचारा आणि बेरीज १०० करा.

प्लेटलेट कमी आहेत एवढ्यावर डेंग्यूला झुकतं माप देऊ नका. मलेरिया, लेप्टो, स्क्रब, तिन्हींत प्लेटलेट पडतात. फरक इतर गोष्टी सांगतात. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, इथे त्या १३,८०० आहेत. कावीळ आहे पण एएलटी फक्त ९०, म्हणजे यकृताच्या पेशींचा नाश कमी आणि कावीळ जास्त, हे लेप्टोत नेहमीचं. वर मूत्रपिंडाला झळ, लाल डोळे, पोटऱ्या. मी लिहीन: लेप्टो ६०, मलेरिया १५, डेंग्यू १०, स्क्रब ५, इतर सगळं मिळून १०. दुसरा कुणी लेप्टोला ७० देईल, भांडण नाही. ५ दिले तर मात्र कारण सांगावं लागेल.

यादी लिहिताना आणखी एक रकाना ठेवा: शक्यता कमी असली तरी सुटला तर जीव घेणारा आजार कोणता? इथे तो फाल्सिपेरम मलेरिया. आकडा १५ च्या ऐवजी ३ असता तरी स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) आजच पाहिला पाहिजे, आणि पहिला निगेटिव्ह आला तर १२ ते २४ तासांत पुन्हा. एका निगेटिव्ह स्मिअरवर मलेरिया खोडू नका.

आणि विडाल? आपल्या भागात निरोगी माणसांतही विडालचे आकडे वर असू शकतात, दुसऱ्या तापांतही ते चढतात. एकाच नमुन्यावरच्या १:१६० ने माझा अंदाज जवळपास हलत नाही. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घ्या, दोन्ही हातांतून, पुरेसं रक्त घेऊन. कल्चरही सगळे टायफॉइड पकडत नाही, पण पकडलं तर कुठलं औषध चालेल हे सांगतं, आणि आज आपल्याकडे टायफॉइडचे जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला मोठ्या प्रमाणात दाद देत नाहीत, त्यामुळे ते कळणं फार मोलाचं आहे.

चौथी पायरी: मागवण्याआधी दोन्ही उत्तरांचा विचार

लॅबचा फॉर्म भरण्याआधी स्वतःला विचारा: पॉझिटिव्ह आलं तर मी काय करीन, निगेटिव्ह आलं तर काय? दोन्हींचं उत्तर एकच असेल, तर तपासणी आत्ता उपचारासाठी लागत नाही. साथीच्या नोंदीसाठी लागत असेल तर जरूर पाठवा, पण उपचार तिच्यासाठी थांबवू नका.

आपल्या रुग्णाचं लेप्टो आयजीएम मागवलं आणि निगेटिव्ह आलं असं धरा. हिशेब करू. पाचव्या दिवशी ही टेस्ट निम्मेच लेप्टो पकडते आणि लेप्टो नसलेल्या दहापैकी नऊ जणांना बरोबर निगेटिव्ह दाखवते, असं हिशेबापुरतं मानू. अशा १०० रुग्णांतल्या ६० लेप्टोंपैकी ३० निगेटिव्ह येतील. उरलेल्या ४० पैकी ३६ निगेटिव्ह. एकूण निगेटिव्ह ६६, त्यांत लेप्टो असलेले ३०. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावरही लेप्टोची शक्यता ४५ टक्के आहे! या रुग्णाचं औषध बंद करणं परवडणार नाही.

आता उलट बाजू. ओपीडीत साधा सर्दी-ताप घेऊन आलेला तरुण, पाण्यात गेलेला नाही, लेप्टोची शक्यता तुम्ही ५ टक्के धरली. टेस्ट जरा बरी घेऊ, १०० पैकी ८० लेप्टो पकडणारी, लेप्टो नसलेल्यांत दहापैकी नऊ निगेटिव्ह दाखवणारी. अशा १००० जणांत ५० लेप्टो, त्यातले ४० पॉझिटिव्ह. उरलेल्या ९५० पैकी ९५ खोटे पॉझिटिव्ह. १३५ पॉझिटिव्ह कागदांमागे खरे लेप्टो ४०, म्हणजे ३० टक्केही नाहीत. फीवर प्रोफाइल सरसकट का मागवू नये, ते या हिशेबात आहे. एकाच नमुन्यावर पाच-सहा तपासण्या केल्या की एखादी खोटी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता बरीच वाढते, आणि मग त्या एका ओळीभोवती पुढचा सगळा उपचार फिरतो.

हे गणित कागदावर निदान पहिले काही महिने करा. नंतर ते डोक्यात बसतं.

पाचवी पायरी: उपचाराचा उंबरठा

किती खात्री झाली की उपचार सुरू करायचा? पॉकर आणि कसिरर या डॉक्टरांनी १९८० मध्ये ही कल्पना नीट मांडली. दोन उंबरठे असतात. खालच्याच्या खाली शक्यता असेल तर तपासणीही नको, उपचारही नको. वरच्याच्या वर असेल तर तपासणीची वाट न पाहता उपचार. तपासणीचा खरा उपयोग मधल्या पट्ट्यात. आणि उंबरठा ठरतो तो औषधाने होणाऱ्या फायद्या-तोट्याच्या तुलनेतून, आपल्या आत्मविश्वासातून नव्हे.

लेप्टोत उंबरठा खूप खाली आहे. औषध स्वस्त, धोका थोडा, आणि उशीर झाला तर फुप्फुसांत रक्तस्राव. साध्या लेप्टोला डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस. आपल्या रुग्णाला कावीळ आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, त्यामुळे दाखल करून शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन किंवा पेनिसिलिन, आणि स्क्रबची शक्यताही झाकायला सोबत डॉक्सिसायक्लिन. गंभीर पावसाळी तापात रिपोर्ट येईपर्यंत सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन आणि डॉक्सिसायक्लिनची जोडी द्यावी, अशी शिफारस अतिदक्षता तज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. गर्भवतीला डॉक्सिसायक्लिनऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिनचा विचार करा. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. हे सांगायला मात्र कुणालाच वेळ नसतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, निदान न झालेल्या लांबलेल्या तापावर ‘टीबी असेल’ म्हणून सुरू केलेलं सहा महिन्यांचं औषध. तिथे तोटा मोठा: यकृताला इजा, आणि खरा आजार, कधी लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), कित्येक महिने दडून राहतो. तिथे नमुना मिळवण्यासाठी धडपड करायलाच हवी. आणि ‘काहीतरी देऊ’ म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देणं मला सर्वात जास्त खटकतं, कारण ते टीबीला अर्धवट दाबतं आणि निदान आणखी लांबवतं.

प्लेटलेटवर थोडं थांबतो, कारण नातेवाईक, लॅब आणि रक्तपेढी या तिघांच्या मधे नवीन डॉक्टर सापडतो तो इथेच. डेंग्यूचा रुग्ण, प्लेटलेट १८,०००, रक्तस्राव नाही, भाऊ दाराशी उभा: ‘डॉक्टर, प्लेटलेट कधी लावणार?’ सिंगापूर-मलेशियातल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. प्लेटलेट २०,००० किंवा त्याखाली असताना, रक्तस्राव नसलेल्यांना आधीच प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव कमी झाला नाही, आणि देण्यामुळे होणारे त्रास मात्र वाढले. आपल्या राष्ट्रीय सूचनांतही रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खालीच त्याचा विचार सांगितला आहे. अनपेक्षित कमी आकडा आला तर आधी स्मिअरवर गठ्ठे आहेत का पाहायला सांगा, ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) मशीन फसतं.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा शॉकने, आणि तो ताप उतरण्याच्या सुमारास येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चुळबुळ, यकृत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढणं, आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढत असताना प्लेटलेट झपाट्याने पडणं, ही धोक्याची चिन्हं भावाला मराठीत समजावून सांगा. त्याचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावरून हिमॅटोक्रिट, नाडी आणि लघवीकडे वळवा. कमरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देऊ नका. ताप पॅरासिटामॉलने उतरवा.

सहावी पायरी: औषधालाही मुदत द्या

उपचार सुरू करताना केसपेपरवर तीन गोष्टी लिहा: कशात सुधारणा दिसायला हवी, किती वेळात, आणि नाही दिसली तर पुढे काय. मुदत आजारानुसार वेगळी असते आणि ती ठाऊक नसेल तर माणूस उगाच औषधं बदलत राहतो. स्क्रब टायफसचा ताप डॉक्सिसायक्लिनने बहुधा ४८ तासांत उतरतो. न उतरल्यास निदान पुन्हा तपासा. टायफॉइडचा ताप बरोबर औषध चालू असतानाही उतरायला चार ते सहा दिवस घेतो. तिसऱ्या दिवशी घाबरून मेरोपेनेमसारखं भारी अँटिबायोटिक चढवू नका. लेप्टोत पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून रक्तदाब घसरू शकतो, त्याला औषधाचं अपयश समजू नका, पण रुग्णाजवळून हलूही नका.

आपल्या रुग्णाच्या कागदावर मी लिहीन: दर चार तासांनी श्वासाची गती आणि ऑक्सिजन, खोकल्यातून रक्त येतं का, लघवी तासाला निदान ०.५ मिली प्रति किलो. उद्या सकाळी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. लेप्टोच्या मूत्रपिंडात पोटॅशियम पुष्कळदा कमी असतं, हीदेखील निदानाची एक खूण. श्वास २४ च्या वर गेला तर सीनियरना लगेच फोन, राऊंडची वाट नाही.

मग ४८ तासांनी मुद्दाम थांबा. कल्चर काय म्हणतं? आधी लिहिलेल्या १०० च्या यादीत आता कोणाचे किती? कुठलं औषध काढता येईल? सुरू करण्याइतकंच बंद करणंही निर्णय आहे, आणि तो कुणाच्या तरी नावावर लिहिलेला हवा.

या टप्प्यावर एक प्रश्न मोठ्याने विचारा, शक्यतो सोबतच्या जेआरला (ज्युनियर रेसिडेंटला): ‘हा लेप्टो नसेलच, तर काय असेल?’ एक निदान पक्कं वाटलं की मन बाकीच्या खुणा बघेनासं होतं. शिवाय पावसाळ्यात दोन आजार एकत्र येतात. डेंग्यू पॉझिटिव्ह रुग्णात मलेरियाही सापडतो. एक सापडला म्हणून दुसरा शोधणं सोडू नका.

सातवी पायरी: हिशेबाची वही

लहान वही ठेवा. नाव, फोन, पत्ता काही नको, फक्त तुमचा अनुक्रमांक. तारीख, एका ओळीत रुग्ण, तुमचे आकडे, ठरवलेला उपचार, आणि एक रकाना रिकामा: शेवटी काय निघालं. काही महिन्यांनी ज्यांना तुम्ही ७० टक्के दिले होते ते सगळे वेगळे काढा. दहापैकी साधारण सात तसे निघाले असतील तर तुमचा अंदाज भरवशाचा. दहापैकी चार निघाले तर तुम्ही जास्त खात्रीने बोलता, दहाच्या दहा निघाले तर गरजेपेक्षा कमी. हवामानाच्या अंदाजांना असेच गुण देण्याची रीत ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडली होती.

परीक्षेचे केस-प्रश्न सोडवतानाही हेच करा. पर्याय हाताने झाका, उत्तर आणि त्याचं कारण लिहा, मगच पर्याय वाचा. उत्तर बरोबर पण कारण चुकीचं असेल, तर गुण शून्य धरा. वॉर्डात पर्याय छापून येत नाहीत.

वहीतला तो रिकामा रकाना भरणं सर्वात कठीण. रुग्ण डिस्चार्ज होतो, तुमचं पोस्टिंग बदलतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावरच दोन आठवड्यांनंतरची तारीख टाका आणि का यायचं ते रुग्णाला सांगा. लेप्टोत पहिला आणि दोन आठवड्यांनंतरचा असे दोन नमुने एकत्र तपासून प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट वाढलेलं दिसलं, तर निदान पक्कं होतं. त्यासाठी पहिला नमुना लॅबला जपून ठेवायला आधीच सांगावं लागतं. त्याच भेटीत क्रिएटिनिन उतरलं का तेही पाहा. आणि रुग्ण आलाच नाही, निदान शेवटपर्यंत कळलं नाही, तर रकान्यात ‘अनिर्णित’ लिहा. तो बरा झाला म्हणून तुमचं निदान खरं ठरलं असं मोजू नका.